आडत दुकानाचं सॉफ्टवेअर : कामाच्या नोंदी, सप्टेंबर ते डिसेंबर २०२४

२ सप्टेंबर २०२४, सोमवार, पोळा

यार्ड बंद म्हणून मालकांनी नव्या प्रोग्रामच्या कामाला आजच बोलावलं. कालपासून पाऊस थांबायला तयार नाही, परभणी-हिंगोलीकडं तर नद्यांनी पात्रं सोडलीत. लातूरच्या दुकानात मी, मुनीमजी आणि माझा भाचा असे तिघंच. भाच्याचं इंजिनिअरिंग यंदा संपलंय. नोकरी लागेपर्यंत माझ्या हाताखाली आहे.

जुना प्रोग्राम व्हिज्युअल बेसिक ६ चा, २००४ साली बसवलेला. डेटा अ‍ॅक्सेसच्या एका एमडीबी फाइलीत. ती फाइल एका मशीनच्या शेअर्ड फोल्डरमध्ये आणि बाकीची तीन मशीनं तिथूनच ती उघडतात. आज आकार १.१ जीबी, आणि या फाइलीची वेस २ जीबीची. मुनीमजी दर शनिवारी 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' चालवतात. त्याला ते 'फाइल झाडून काढणं' म्हणतात.

कोड उघडून पाहिला. सगळीकडं डीएओ, म्हणजे डेटाबेसशी बोलायची मायक्रोसॉफ्टची जुनी पद्धत. रेकॉर्डसेट उघडायचा, मूव्हनेक्स्ट, एडिट, अपडेट. हसू आलं नाही, उलट बरं वाटलं. ज्यानं लिहिलं त्याला हत्यार माहीत होतं. पावती शोधायला त्यानं सीक, म्हणजे इंडेक्सवरून थेट शोध, वापरलंय. सीक लिंक केलेल्या टेबलवर चालत नाही, म्हणून त्यानं एमडीबी थेट उघडलीय. दोष पद्धतीचा नाही, अ‍ॅक्सेसच्या पोटातल्या जेट इंजिनचा आहे. ते फाइलवर चालतं, क्वेरी (डेटाला विचारलेला प्रश्न) त्या त्या मशीनवरच सुटते आणि फाइलीची पानं नेटवर्कवरून ओढून आणावी लागतात. चार मशीनं एकदम ओढायला लागली की संध्याकाळी सातला काय होत असेल ते दिसतंच.

उदगीरलाही एक दुकान आहे. तिथला हिशोब आजवर पेन ड्राइव्हवर यायचा.

६ सप्टेंबर

डेटा मोजला. पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचे कागद, ४ लाख १२ हजार, काट्याच्या ओळी ३१ लाखांच्या आसपास. शेतकऱ्यांची नावं जुन्या फॉन्टमधली. फॉन्ट काढला की नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. सगळं युनिकोडमध्ये आणावं लागेल. आठ दिवस त्यातच जातील, त्याबद्दल इथं आणखी लिहीत नाही.

डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस. फुकट आहे आणि १० जीबीची मर्यादा इथं कैक वर्षं पुरेल. ठरल्या वेळी कामं चालवणारा एजंट त्यात मिळत नाही, तेव्हा बॅकअप विंडोजच्या टास्क शेड्युलरनं. प्रोग्राम डॉटनेट ८ वर. इथवर वाद नव्हता.

११ सप्टेंबर

वाद आज झाला. प्रोग्रामनं डेटाबेसशी बोलायचं कसं?

माझा हात स्टोअर्ड प्रोसिजरवर बसलेला. सगळं डेटाबेसच्या आत, बाहेरून फक्त हाक मारायची. भाच्याला एंटिटी फ्रेमवर्क पाहिजे, ते डेटाबेसची भाषा म्हणजे एसक्यूएल क्लासवरून स्वतःच लिहितं. म्हणे, "मामा, सत्तर प्रोसिजर हातानं कशाला लिहायलात? क्लास लिहा, सेव्ह म्हणा, झालं."

मी त्याला आमच्या पिढीनं तुडवलेल्या वाटा सांगितल्या. डीएओ आलं, मग आरडीओ, मग एडीओ, मग २००२ ला एडीओ डॉटनेट. २००७ मध्ये लिंक टू एसक्यूएल आलं, पुढच्याच वर्षी एंटिटी फ्रेमवर्क आलं आणि आधीचं बाजूला पडलं. २०१६ ला तेही कोअर म्हणून नव्यानं लिहिलं. ओएलई डीबीची तर वेगळीच तऱ्हा. एसक्यूएल सर्व्हरसाठी ते बंद करणार असं मायक्रोसॉफ्टनं २०११ मध्ये जाहीर केलं, लोकांनी कोड बदलले, आणि २०१७ मध्ये सांगितलं की बंद करत नाही. २०१८ ला नवा ड्रायव्हरही दिला. ज्यांनी आळस केला ते वाचले.

भाचा म्हणाला, "मग एसक्यूएल तेवढं टिकलं म्हणायचं."

हे बोलून तो स्वतःच गप्प झाला, कारण मुद्दा माझ्या बाजूचा होता.

ठरलं असं की पट्टीचा एकच स्क्रीन तीन तऱ्हांनी लिहायचा : एक स्टोअर्ड प्रोसिजरवर, एक एंटिटी फ्रेमवर्क कोअरवर, एक डॅपरवर. डॅपर ही स्टॅक ओव्हरफ्लोवाल्यांनी २०११ मध्ये बाहेर काढलेली छोटी लायब्ररी. एसक्यूएल तुम्ही लिहायचं, आलेल्या ओळी ऑब्जेक्टमध्ये भरायचं काम ती करते. बाकी कशात नाक खुपसत नाही.

१७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन, आणि यंदा अनंत चतुर्दशीही आजच. सकाळी झेंडावंदन, संध्याकाळी मिरवणूक. काम शून्य.

२० सप्टेंबर

तिन्ही स्क्रीन झाले. पट्टी म्हणजे वरवर एक कागद, पण तिच्या पोटात काट्याच्या सात-आठ ओळी, हमाली, तोलाई, बारदाना, उचलीची वजावट, आणि मग शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम. सेव्ह करताना सहा टेबलं हलतात, आणि हलली तर सगळी हलली पाहिजेत.

या कामात एंटिटी फ्रेमवर्क सरळ जिंकलं. मधली काट्याची ओळ काढली, एक नवी घातली, एकीचं वजन बदललं, तर कुठली डिलीट, कुठली इन्सर्ट, कुठली अपडेट हे ते स्वतः ओळखतं आणि एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये पाठवतं. डॅपरमध्ये हीच तुलना मला हातानं लिहावी लागली, आणि पहिल्या खेपेला काढलेली ओळ काढायचीच राहिली. भाच्याचा कोड चाळीस ओळींचा, माझा एकशे तीस. मान्य केलं.

प्रोसिजरचं निराळंच झालं. मी ऑफिसातून बदलली, त्यानं घरून बदलली, आणि जो शेवटी चालवेल त्याची राहिली. स्क्रिप्ट फाइलीत ठेवायची शिस्त पाहिजे होती, ती दोघांनीही पाळली नाही. दोन माणसांत हे, तर पाच असते तर?

२३ सप्टेंबर

जिंकलेल्या घोड्यानं आज लाथ मारली. मुनीमजींनी जुनी पट्टी आणि नवी पट्टी शेजारी ठेवली. ६२ कट्टे, वजन ३७.६८५ क्विंटल, भाव ४६००. जुन्यावर १,७३,३५१ रुपये, नव्यावर १,७३,३२८. तेवीस रुपये कमी.

क्लासमध्ये वजन डेसिमल लिहिलं, पण किती घरं ते सांगितलं नाही. मग एंटिटी फ्रेमवर्क एसक्यूएल सर्व्हरवर कॉलम डेसिमल (१८,२) चा करतं. तिसरा आकडा नुसता छाटला जातो. ना एरर, ना राउंडिंग, वजन ३७.६८ होऊन बसतं. सुरुवातीला लॉगमध्ये एक इशारा येतो, तो भाच्यानं आणि मी दोघांनी वाचून सोडून दिला होता.

मुनीमजी एवढंच म्हणाले, "अर्ध्या किलोसाठी शेतकरी दुकान बदलतोय, सर." आता वजनाला तीन घरं, रकमेला दोन, भावाला दोन, प्रत्येक ठिकाणी स्पष्ट लिहिलेली. आणि लॉगमधला प्रत्येक इशारा एरर समजायचा, असा नियम.

३० सप्टेंबर

मुनीमजी दुकानात नव्हते. ते किल्लारीचे. १९९३ च्या भूकंपापासून या तारखेला ते गावीच असतात. चाचणी उद्यावर.

४ ऑक्टोबर

उचल बाकीची यादी. कोणाकडं किती येणं, शेवटची उचल कधी, शेवटची पट्टी कोणती. लातुरात यादी सेकंद-दीड सेकंदात येते. उदगीरच्या मशीनवरून, व्हीपीएननं, अर्ध्या मिनिटाच्या आसपास.

भाचा : "माझ्या मशीनवर तर पटकन यायलंय."

मी त्याला लॉगमध्ये एसक्यूएल दाखवणारं बटण चालू करायला सांगितलं आणि दोघं बघत बसलो. पडदा खाली पळायला लागला तो थांबेचना. आधी एक क्वेरी खात्यांची. मग प्रत्येक खात्याच्या पट्टीसाठी वेगळी. खाती ६१४, म्हणजे क्वेऱ्या ६१५. त्यानं लेझी लोडिंग लावलं होतं, म्हणजे लागेल तेव्हाच डेटा आणायचा. कोडमध्ये फक्त एक टिंब दिसतं, खातं डॉट पट्ट्या, आणि त्या टिंबामागं एक अख्खी फेरी असते. उदगीरच्या लाइनवर एका फेरीला ४५ मिलिसेकंद. ६१५ नं गुणा, साडेसत्तावीस सेकंदांच्या वर. लातुरात तीच फेरी दोन मिलिसेकंदांची, म्हणून रोग दिसलाच नव्हता.

मग त्यानं इन्क्लूड लावलं, म्हणजे जोडीचा डेटा आधीच एकदम मागवायचा. क्वेरी एक झाली, पण पट्ट्या आणि उचली दोन्ही एकदम जोडल्यामुळं ओळींचा गुणाकार. दहा पट्ट्या आणि आठ उचली असलेल्या माणसाच्या ऐंशी ओळी. ती फोडायला स्प्लिट क्वेरी आहे, तीही करून पाहिली. काम झालं. पण मालकांना यादीत चालती बाकी पाहिजे, म्हणजे प्रत्येक ओळीपुढं तोवरची शिल्लक. एसक्यूएलमध्ये ती विंडो फंक्शननं एका ओळीत होते. एंटिटी फ्रेमवर्कच्या लिंक या क्वेरीभाषेत विंडो फंक्शन नाही. सगळं मेमरीत आणून फिरवत बसायचं, किंवा एसक्यूएल लिहायचं.

मी एसक्यूएल लिहिलं, डॅपरनं चालवलं. उदगीरला अर्ध्या सेकंदात यादी. आज पहिल्यांदा वाटलं की एकाच पद्धतीवर सगळं उभं करायचा हट्ट आपण दोघंही सोडू.

९ ऑक्टोबर

लेझी लोडिंग पूर्ण बंद. रिपोर्टच्या सगळ्या क्वेऱ्या वेगळ्या फोल्डरमध्ये, एक क्वेरी एक फाइल. कॉलमची नावं मराठीतच ठेवली : एकूण_वजन, हमाली, उचल_वजा, निव्वळ. एसक्यूएल सर्व्हरला देवनागरी नावं चालतात. भाच्याला हे गावठी वाटलं. वाटू दे.

१२ ऑक्टोबर, दसरा

दुकानात काट्याची, वह्यांची आणि मालकांच्या आग्रहानं सर्व्हरचीही पूजा. मुहूर्ताच्या चार पट्ट्या नव्या प्रोग्रामवर केल्या. उद्यापासून जुनं आणि नवं जोडीनं चालेल.

१५ ऑक्टोबर

जुना डेटा ओढला. भाच्यानं एमडीबी वाचायचा प्रोग्राम लिहिला, पण चालेना, 'प्रोव्हायडर सापडत नाही'. जेटचा जुना प्रोव्हायडर फक्त ३२ बिटचा आणि प्रोग्राम ६४ बिटचा. बिल्ड बदलला, चालला. असल्या दगडावर दर पिढीनं एकदा ठेचाळायचं असतं.

३१ लाख ओळी एंटिटी फ्रेमवर्कनं टाकायचा त्याचा विचार. टाक म्हटलं. प्रत्येक ओळीचा ऑब्जेक्ट आणि प्रत्येकावर नजर ठेवणारा ट्रॅकर. मेमरी भरत गेली आणि जेवून आलो तरी गाडी दोन लाखांवर. मग एसक्यूएल बल्क कॉपी, म्हणजे साधं एडीओ डॉटनेट. सगळ्या ओळी पाच मिनिटांच्या आत. चौथी पद्धत आली, पण ही एकदाच लागायची.

१८ ऑक्टोबर

सोयाबीनची आवक जोरात. हमीभाव ४८९२ आणि बाजार त्याच्या बराच खाली, त्यामुळं गर्दी असूनही दुकानात आवाज कमी. शेतकरी पट्टी हातात घेतो, आकडा बघतो, घडी घालून खिशात ठेवतो.

संध्याकाळी सातला काटापावती शोधायला तीन-तीन सेकंद लागायला लागले. माझी क्वेरी, माझं डॅपर, इंडेक्सही माझा. तरी इंडेक्समध्ये सरळ उडी न मारता सर्व्हर पहिल्या पानापासून वाचत होता.

एक्झिक्युशन प्लॅन काढला तेव्हा कळलं. पावती नंबरचा कॉलम व्हारकॅर, म्हणजे साध्या अक्षरांचा, कारण त्यात फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. डॅपर मात्र कुठलीही स्ट्रिंग (मजकूर) एन्व्हारकॅर, म्हणजे युनिकोड, म्हणून पाठवतो. दोन्ही जुळवायला सर्व्हर कॉलमचंच रूपांतर करतो, ३१ लाख वेळा. त्यात आमचं कोलेशन, म्हणजे अक्षरं जुळवायचा नियम, अमेरिकन इंग्रजीचं जुनं, सर्व्हर बसवताना आपोआप आलेलं. विंडोज कोलेशन असतं तर थोडी सूट मिळाली असती. डॅपरला ही स्ट्रिंग साधी आहे असं सांगितलं आणि शोध डोळ्याची पापणी लवायच्या आत.

भाच्यानं हळूच त्याचा क्लास दाखवला. तिथं कॉलम युनिकोड नाही असं लिहिलेलं, म्हणून एंटिटी फ्रेमवर्क पॅरामीटर बरोबर प्रकाराचाच पाठवत होतं. त्याला टाइप माहीत असतो, डॅपरला नसतो. चहा मी पाजला.

२२ ऑक्टोबर

दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी उतरलेली, सर्व्हर धाडकन बंद. परत चालू केल्यावर पट्टी क्रमांक ८७१ नंतर थेट १००२. मधले १३० नंबर गायब.

मुनीमजींचा चेहरा उतरला. "मधल्या पट्ट्या कुठं गेल्या म्हणून ऑडिटवाला विचारला तर?" चोरी नाही, हरवलंही काही नाही. आपोआप नंबर देणाऱ्या आयडेंटिटी कॉलमसाठी सर्व्हर हजार नंबर आधीच मेमरीत उचलून ठेवतो, आणि असा अचानक मेला की उरलेले वाया जातात. पण हे ऑडिटवाल्याला कसं समजवायचं?

म्हणून एक लहान टेबल, दुकान आणि वर्षवार शेवटचा नंबर. एक स्टोअर्ड प्रोसिजर तो एकनं वाढवते आणि परत देते, पट्टीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. पट्टी फसली तर नंबरही मागं जातो. दोन कारकून एकदम आले तर दुसरा क्षणभर थांबतो, तेवढं चालतं. सत्तर प्रोसिजर लिहिणार होतो, राहिली ही एक. पण हिला पर्याय नाही. नंबरचा नियम कोणत्याही प्रोग्रामपेक्षा डेटाबेसजवळ असलेला बरा, उद्या मोबाइलवरून पट्टी निघाली तरी.

२५ ऑक्टोबर

एकच पट्टी दोघांनी उघडली, दोघांनी उचल वजा केली. रोव्हर्शन कॉलम घातला, ओळ बदलली की तो आपोआप बदलतो. एंटिटी फ्रेमवर्क दुसऱ्याला आता अडवतं. डॅपरनं जिथं जिथं लिहितो तिथं हातानं तपासावं लागेल. त्यापेक्षा डॅपरनं लिहायचंच नाही, फक्त वाचायचं. सोपा नियम, भांडण मिटलं.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

मालकांना वहीच पाहिजे होती. खात्यांच्या बाक्या छापल्या आणि लाल वहीत घालून पूजेला ठेवल्या. जुना प्रोग्राम आज बंद. मुनीमजींनी शेवटची एकदा फाइल झाडून काढली.

१३ नोव्हेंबर

काल डॉटनेट ९ आलं. भाच्याला लगेच चढवायचं होतं. आपण ८ वरच. त्याला नोव्हेंबर २०२६ पर्यंत आधार आहे, आणि हंगामात कुणी छप्पर बदलत नाही.

२० नोव्हेंबर

मतदान. यार्ड बंद.

२६ नोव्हेंबर

ही नोंद सविस्तर, कारण या प्रकल्पात मला हवं ते आज दिसलं.

उदगीरच्या हमालीचा महिन्याचा आकडा जुळत नव्हता. मी लॅपटॉपवर क्वेरीची फाइल उघडून बसलो. मुनीमजी चष्मा पुसत मागं येऊन उभे राहिले. त्यांना प्रोग्रामिंगचा गंध नाही, दहावीनंतर थेट गादीवर बसलेले. त्यांनी बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय, कट्टे गुणिले हमाली_दर?"

हो म्हटलं.

"लातूरला बरोबर आहे. पण उदगीरच्या दुकानाला आपण क्विंटलमागं धरताव की."

मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. क्वेरीत दुकानाप्रमाणं सूत्र बदलणारा एक केस घातला, फाइल बदलली, आकडा जुळला. पंधरा मिनिटं. तीच गोष्ट चार क्लासच्या साखळीत विखुरलेली असती, किंवा कॉलमला इंग्रजी आद्याक्षरांची नावं असती, तर मुनीमजींनी बोट कुठं ठेवलं असतं? कोणती पद्धत किती मिलिसेकंद वाचवते यावर आम्ही दोन महिने भांडलो. त्यापेक्षा, हिशोब ज्याला कळतो त्याच्या डोळ्यांपुढं तो हिशोब येतो का, हे आधी बघायला पाहिजे होतं.

भाच्यानं घरी जाऊन पट्टीच्या क्लासमधली वजावटीची नावंही मराठी करायला घेतली. मी काही बोललो नाही.

५ डिसेंबर

भाच्याला पुण्यात नोकरी लागली, सोमवारी हजर व्हायचंय. कोणत्या कामाला कोणती वाट, ते त्यानं एका कागदावर लिहून सर्व्हरच्या कपाटाला आतून चिकटवलं. पट्टी, उचल, खातं यांचं लिहिणं एंटिटी फ्रेमवर्कनं. यादी, खातेवही, रोजमेळ डॅपरनं. नंबर प्रोसिजरनं. खाली लाल पेनानं : 'वजनाला तीन घरं'.

३० डिसेंबर, येळवस

वेळ अमावस्या. सकाळीच औशाकडं शेतावर. कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, भज्जी, आंबील, धपाटे. भाचा पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आलेला. तिथं त्यांच्याकडं सगळंच एंटिटी फ्रेमवर्क. रिपोर्ट हळू आहेत, आणि तो म्हणे पहिल्याच आठवड्यात लॉग उघडून बसला. किती क्वेऱ्या निघाल्या विचारलं तर नुसता हसला.

दुपारी मुनीमजींचा फोन. घाबरलो. पण काम वेगळंच. तुरीची आवक सुरू होतेय, आणि मालक म्हणतात तुरीच्या पट्टीवर ओलाव्याचा आकडा छापायचा. कॉलम आहे का?

नाही. डेसिमल, किती घरं ते उद्या त्यांनाच विचारायचं.